आजी दारात काय शोधते

आजीच्या वृद्धाश्रमातल्या नोंदवहीत एकच वाक्य तीन वेळा लिहिलेलं होतं : "फुआतिनो दारात थांबतात, वॉकर सोडतात, खाली वाकून काहीतरी शोधतात." पहिल्या वाकण्यात आजीचा गुडघा सुजला होता. दुसऱ्यात भुवईला चार टाके पडले. तिसऱ्या वेळी तिथल्या मुलीने तिला वेळेवर कमरेला धरलं म्हणून फक्त चहा सांडला. चौथ्या वेळेची वाट बघायची व्यवस्थापिकेची तयारी नव्हती. मिसेस गॅलब्रेथ स्वभावाने वाईट नव्हती, पण तिने आडपडदा न ठेवता सांगितलं की बुधवारी चालण्याच्या तज्ज्ञ बाई येतील, आजीला तीन दारांतून चालवून बघतील, आणि एकाही दारात तिचा हात वॉकरवरून सुटला तर त्या दिवसापासून चाकांची खुर्ची. त्या खुर्चीत बसलेलं माणूस पुन्हा उठत नाही, हे आम्ही आजोबांच्या वेळी पाहिलं होतं.

आजीची बाकीची मोडतोड आम्ही केव्हाच पत्करली होती. मुलांची नावं गेली, साल गेलं, आमच्या बेटावरच्या अपियाहून ऑकलंडला आलो हेसुद्धा गेलं. पाय मात्र शाबूत होते. त्र्याऐंशीव्या वर्षी ती स्मृतिविभागाच्या लांब व्हरांड्यातून दिवसाला वीस-वीस फेऱ्या मारायची आणि भेटेल त्याची विचारपूस करायची. ते थांबलं असतं तर आजीची आजी म्हणून काय उरलं असतं, हा विचार घरात कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं.

बाबांना मात्र ती नोंद वाचून हुरूप आला. असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं आहे. तीन वर्षं आईचा आजार त्यांच्या हाताबाहेर होता. डॉक्टर बोलायचे आणि ते मान हलवायचे. आता पहिल्यांदा दुखणं दारात आलं होतं, आणि दार हा त्यांचा प्रांत. आलापाती सुतार म्हटलं की अख्ख्या मांगेरे उपनगरात कुणालाही विचारा, कुणाच्या तरी घरचं दार त्यांनी बसवलेलं असायचंच.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही पांढऱ्या कपड्यांतच तिकडे गेलो. पेले आत्याने, म्हणजे पेलेनातेतेने, टॅरोच्या उकडलेल्या कंदांची मोठी परात, नारळाच्या दुधातली पालेभाजी आणि डब्यातल्या गोमांसाचं कालवण आणलं होतं. पाच माणसांना तिने वीस जणांचं आणलं, म्हणजे तिच्या मानाने हात आखडताच घेतला होता. लुसी आत्या सकाळच्याच विमानाने ब्रिस्बेनहून आली होती. ती शेंडेफळ, आणि गेल्या वर्षी आजीला इथे ठेवायचं ठरलं तेव्हा बाबांच्या बाजूने पडलेलं दुसरं मत तिचंच होतं. पेले आत्या त्या मताला अजून 'फोनवरून दिलेलं मत' म्हणायची.

जेवण होतंय न होतंय तोच बाबांनी खिशातून टेप काढली.

"पाती, आज रविवार आहे," पेले आत्या म्हणाली.

"मोजणं म्हणजे काम नव्हे, ताई."

"मग काय आहे? प्रार्थना?"

बाबांनी मग टेप खिशात घातली आणि वितीने मोजलं. वितीबद्दल धर्मात काही सांगितलेलं नव्हतं. मोजता मोजता ते आम्हाला समजावत होते आणि त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जोर आला होता. उंबऱ्याला काळी धातूची पट्टी आहे, फरशी पिवळट. आईसारख्या डोक्याला ती पट्टी खड्डा वाटते, म्हणून ती थांबते, वाकते, चाचपते. चौकट भिंतीच्याच रंगाची आहे, त्यामुळे दार कुठे सुरू होतं तेच तिला कळत नसणार. शिवाय दार आपोआप लागतं, तेही अंगावर धावून. आणि रुंदी इतकी कमी की वॉकरची चाकं दोन्हीकडे जेमतेम बोटभर सुटतात.

लुसी आत्याला हे सगळं इतकं पटलं की ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पेले आत्याने खरकटी भांडी गोळा करताना फक्त एवढंच म्हटलं की माझ्या घरात एकाही दाराला पट्टी नाही. गेल्या वर्षी आजीला आपल्याकडे ठेवायचं म्हणणारी ती एकटीच होती.

सोमवारी बाबांनी सुट्टी टाकली. तिथल्या देखभालवाल्या माणसाला हाताशी घेऊन त्यांनी तिन्ही दारं दिवसभरात बदलून टाकली. काळी पट्टी गेली, फरशीच्याच रंगाची सपाट पट्टी आली. बिजागऱ्या अशा बसवल्या की दार पुरतं बाजूला सरकतं आणि चार बोटं जागा जास्त मिळते. आपोआप लागणारा चाप सैल केला. चौकटी गडद निळ्या रंगवल्या. देखभालवाल्याने घरी जाताना हात मिळवला आणि म्हणाला की इतकी देखणी दारं इथल्या मालकांच्या घरीही नसतील.

मंगळवारी दुपारी रंगीत तालीम. बाबांनी सगळ्यांना बोलावलं होतं. मिसेस गॅलब्रेथसुद्धा हातातली वही घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिली.

आजी खोलीच्या दारातून अशी निघाली की जणू दार नव्हतंच. जेवणघराच्या दारातही तेच. निळ्या चौकटीला तिने जाता जाता "काय सुंदर" म्हटलं आणि बाबांचे कान लाल झाले. तिसरं दार बैठकीच्या खोलीचं. तिथे दुपारचे सगळे म्हातारे भिंतीला पाठ लावून खुर्च्यांवर गोल बसलेले असतात. आजी दारात आली. थांबली. उजवा हात वॉकरवरून काढला, तो खाली सोडला आणि कमरेत वाकली. वॉकर पुढे निघाला, आजी त्याच्यामागे. बाबा जवळ होते म्हणून तिला धरता आलं.

आजीला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिने बाबांचे आभार मानले आणि तुम्ही कुठल्या गावचे म्हणून विचारलं. बाबा तडक दारापाशी गेले आणि गुडघ्यांवर बसून पट्टीवरून हात फिरवू लागले. पट्टीत काहीही खोट नव्हती. पुढे एकदा त्यांनी मला सांगितलं, की त्या क्षणी त्यांना आई आजारी असल्याचं पहिल्यांदा खरं वाटलं, तोवर ते कुठेतरी दाराचीच चूक धरून बसले होते.

आणि इथे लुसी आत्या फिरली. ती हळूच म्हणाली की आपण खुर्ची घेऊन टाकू, पडून डोकं फुटण्यापेक्षा बरं. पेले आत्या तिच्यावर अशी उलटली की व्हरांड्यातल्या दोन बायका आपापल्या खोलीत गेल्या.

"तुझं विमान शुक्रवारी आहे. आईला खुर्चीत बसलेलं बघायला तू असणार आहेस का?"

"आणि तू असतेस ना रोज? मग पडते कशी?"

हे बोलायला नको होतं, हे लुसी आत्याला बोलता बोलताच कळलं. पेले आत्या रोज यायची, कामावरून दोन बस बदलून. तिसऱ्या वेळी चहा सांडला तो तिच्याच अंगावर. ती सरळ बैठकीच्या खोलीत गेली, कारण तिची पिशवी पलीकडच्या खिडकीत होती. तिच्यामागे लुसी आत्या, माफी मागायला. त्यांच्यामागे बाबा, दोघींच्या मध्ये पडायला. आणि मी, कारण आमच्या घरात भांडण बघायला कुणी मागे राहत नाही.

आम्ही पिशवी घेऊन परत दाराशी आलो, तर मिसेस गॅलब्रेथ आमच्याकडे टक लावून बघत होती.

"माफ करा," ती म्हणाली, "पण तुम्ही सगळेच या दारात काय शोधता?"

आम्हाला काही कळेना. तिने वही मिटली आणि आम्हाला करूनच दाखवलं. दारात आली, उजवा हात खाली सोडला, कंबर वाकवली, चार पावलं तशीच चालली. या थोरल्या बाईंनी असं केलं, मग धाकट्यांनी, मग यांनी, मग या मुलीने, ती म्हणाली. परत येताना पुन्हा चौघांनी. मला वाटलं कुणाची तरी अंगठी पडली आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बसलेल्या माणसांपुढून जायचं तर वाकायचं, हात खाली सोडायचा आणि 'तुलोऊ' म्हणायचं; म्हणजे माफी असावी, तुमच्यापुढून जाते. चालायला लागल्यावर आम्हाला हे पहिलं शिकवतात. श्वास घेताना कुणी मोजत नाही, तसं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आजी दारात खड्डा बघत नव्हती. आजी अठरा वडीलधारी माणसं गोल बसलेली बघत होती आणि तिच्या आईने शिकवलं तसं वागत होती. इथल्या लोकांना ते दिसत होतं पण कळत नव्हतं, आणि आम्हाला कळत होतं म्हणूनच दिसत नव्हतं.

पहिली हसली पेले आत्या. मग लुसी आत्या, मग बाबा, चौकटीला डोकं टेकून. तीन दारं, पाच लिटर निळा रंग आणि एक दिवसाची सुट्टी. आजीही आमच्याबरोबर हसली, विनोद कशावर आहे ते न विचारता.

हसून झाल्यावर कळलं की घोडं तिथेच अडलेलं आहे. बुधवार उद्यावर आला होता. खुर्च्या हलवायच्या म्हटलं तर म्हातारे जिथे बसतील तिथे आजीला कुणाच्या ना कुणाच्या पुढून जावंच लागणार. शिवाय मिस्टर हॉगन नावाचे फेरीबोटीचे निवृत्त कप्तान चार वर्षं दारासमोरच बसत आले होते, आणि ते म्हणाले की मी जहाज सोडत नसतो. शेवटी लुसी आत्या आजीपुढे उकिडवी बसली.

"आई, इथे वाकायचं नाही हं. इथे चालतं तसं."

आजीने तिच्याकडे नीट पाहिलं. "का ग? ही माणसं नाहीत?"

लुसी आत्याला, हे तिनेच मला सांगितलं, आपलं सोळावं वर्ष आठवलं. चर्चच्या सभागृहात पाळक आणि गावची मोठी माणसं बसलेली, हातात चहाच्या कपांनी भरलेला ट्रे, आणि मागे आजी कानात कुजबुजतेय : दोन्ही हात ट्रेला. गुडघे वाकव, मान वाकव, पाठ नाही. चहा सांडला तर बापाची इज्जत सांडली.

"दादा," ती म्हणाली, "हात भरलेले असले तर आई हात सोडत नाही."

बाबांना पुढचं सांगावं लागलं नाही. वॉकरच्या पुढच्या नळ्यांवर ट्रे बसवायचा. हलका, कडेला काठ असलेला, दारातून सहज जाईल एवढाच रुंद. त्यांचा हात टेपकडे गेलासुद्धा. मिसेस गॅलब्रेथ म्हणाली की असे ट्रे मिळतात, नियमात बसतं. लुसी आत्या आणि बाबा पुन्हा एका बाजूला आले.

पेले आत्या मात्र उठून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं तिने विमानतळावरची ऑफिसं पुसली. रविवारी सुट्टी, तर चर्चमध्ये ट्रे घेऊन उभी. आपल्या घरात ती कधी आपल्याबरोबर जेवायला बसली, सांगा मला. आपल्या बाबांना पुरलं त्या दिवशी मी शब्द दिलाय तिला, आता तू बसायचं आणि आम्ही वाढायचं. आणि आता तिला काहीच आठवत नाही म्हणून तुम्ही परत तिच्या हातात ट्रे देणार?"

बाबा म्हणाले की बसायचंच तर चाकांची खुर्चीही बसायलाच असते, ताई, मग तीच घेऊ. ते टोचून बोलले नव्हते, पण लागायचं ते लागलं. तिने पिशवी उचलली, सगळ्यांपुढून वाकून गेली आणि बससाठी निघाली. मी गाडीने सोडते म्हटलं तर नको म्हणाली. उद्या मी येणार नाही, तुमचा तमाशा तुम्हीच बघा, हे तिने दारातून सांगितलं.

बाबांनी संध्याकाळच्या जेवणाआधी ट्रे तयार केला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या कपाटाची उरलेली पातळ फळी, बोटभर काठ, खाली चार चिमटे. मी आश्रमातून मागून आणलेला जादाचा वॉकर आमच्या घरातल्या सगळ्या दारांतून सहा वेळा फिरवला. लुसी आत्या सोफ्यावर पाळक होऊन बसली होती आणि प्रत्येक वेळी माझी पाठ वाकली म्हणून मला बोलणी बसली.

बुधवारी दहाला तज्ज्ञ बाई आल्या. मिस पॉवेल त्यांचं नाव. तरुण, चटपटीत, गळ्यात घड्याळ. त्यांनी ट्रे हलवून पाहिला, आजीच्या वॉकरचे ब्रेक पाहिले, ठीक म्हणाल्या आणि बैठकीच्या खोलीत मिस्टर हॉगनच्या शेजारी जाऊन बसल्या, कारण तिथून तिन्ही दारं दिसत होती. सगळे रोजच्यासारखे बसा, कुणी बोलू नका, हे त्यांनी बजावलं. ट्रेवर मी कागदी रुमाल ठेवले होते.

इतक्यात पेले आत्या आली. चर्चची रुंद पांढरी टोपी घालून, बुधवारी सकाळी, हातात फडक्याने झाकलेलं पातेलं.

"रिकामा ट्रे घेऊन आई लोकांपुढे जाणार?" ती बाबांना म्हणाली. "तुम्हाला काही लाज?"

पातेल्यात पानीपोपो होते, नारळाच्या गोड दुधात भाजलेले पाव, अजून गरम. ती पहाटे उठली असणार. तिने ते स्वतः एकेक करून ट्रेमध्ये मांडले, माझ्या कागदी रुमालांची घडी बदलली आणि आजीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग मिस पॉवेलने खूण केली तशी आत जाऊन एका खुर्चीवर टेकली, अगदी कडेवर, कुठल्याही क्षणी उठायला तयार.

आजीने ट्रेकडे पाहिलं. पाठ सरळ झाली. मला तिच्या चालण्यातला फरक मागूनसुद्धा दिसला. खोलीचं दार झालं, जेवणघराचं झालं. बैठकीच्या दारात ती थांबली. बाबा तिच्यामागे दोन पावलांवर होते आणि त्यांनी हात पुढे केलेले होते.

दोन्ही मुठी वॉकरवर घट्ट. गुडघे किंचित वाकले, मान वाकली, पाठ नाही. "तुलोऊ," आजी म्हणाली, आणि आत गेली.

मिस पॉवेल काहीतरी लिहू लागल्या, पण परीक्षा संपली नव्हती. आजीला अजून खोली ओलांडायची होती. तिने एकवार सगळ्यांवर नजर फिरवली. मान कुणाचा आधी, हे बघत होती. मिस्टर हॉगन नाहीत, मिस पॉवेलही नाहीत. तिची नजर पांढऱ्या टोपीवर थांबली आणि ती थेट पेले आत्याकडे गेली.

"घ्या ना, पाळकीणबाई," आजी म्हणाली आणि तिच्यापुढे मान वाकवली.

पेले आत्या उठली. स्वतःची आई आपल्यापुढे वाकतेय, हे कुणाला बसून बघवेल? ती ताडकन उठली, ट्रे काढून घ्यायला हात पुढे केले.

आजीचा चेहरा पडला. "उठू नका हो," ती म्हणाली. "पाहुणे उठले की मला वाटतं माझंच काही चुकलं." आणि तिचा उजवा हात वॉकरवरून सुटायला लागला. एक बोट, दुसरं बोट. मिस पॉवेलचं पेन थांबलं. बाबा दारातून हलू शकत नव्हते, लुसी आत्याने डोळे मिटून घेतले होते.

पेले आत्या बसली. पुरती, पाठ टेकून. आजीची बोटं परत मुठीवर आली. मिस पॉवेलने कागदावर तिसऱ्या दारापुढे बरोबरची खूण केली.

आत्याने दोन्ही हातांनी एक पाव उचलला, तोंडात घातला आणि खाली बघत चावत राहिली. तिच्या टोपीची कड हलत होती. मग ती म्हणाली, "छान झालेत हो."

"माझी थोरली करते," आजी म्हणाली. "माझ्यापेक्षा छान करते. ती आली असती, पण तिला फार काम असतं. आणखी एक घ्या."

पेले आत्याने आणखी एक घेतला.